लाल प्रकाशाचा डोस: घरच्या घरी रेड लाइट थेरपी वापरताना

चेहऱ्यावर दिव्यांचा मुखवटा चढवायचा, दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, आणि काही आठवड्यांनी सुरकुत्या कमी, मुरमं कमी, त्वचा तुकतुकीत. रेड लाइट थेरपीचा हा दावा ऐकला की माणसं साधारण दोन गटांत विभागली जातात. एका गटाला हे निव्वळ थोतांड वाटतं. दुसऱ्या गटाला वाटतं, प्रकाशच तर आहे, त्यानं काय वाईट होणार, जितका जास्त घेऊ तितका चांगला. पहिल्या गटाचं म्हणणं आता टिकत नाही, कारण लाल प्रकाशाचा पेशींवर परिणाम होतो हे गेल्या पन्नासहून अधिक वर्षांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मला जास्त काळजी दुसऱ्या गटाची वाटते. ज्या गोष्टीचा शरीरावर खरा परिणाम होतो तिला प्रमाणही असतं, आणि घरी उपकरण आणणाऱ्या बहुतेकांना हे प्रमाण कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. खोक्यावर दिव्यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. त्वचेवर प्रत्यक्ष किती प्रकाश पडणार, हे मात्र शोधावं लागतं.

नेमका कोणता प्रकाश?

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा दिसतो. ४०० च्या आसपास जांभळा, आणि ६२० च्या पुढे लाल. ७०० च्या पलीकडचा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही. त्याला निअर इन्फ्रारेड म्हणतात. त्वचेच्या उपकरणांमध्ये मुख्यतः दोन पट्टे वापरतात: ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा निअर इन्फ्रारेड.

४०० च्या अलीकडे अतिनील किरण येतात. उन्हानं त्वचा भाजते, काळवंडते, वर्षानुवर्षांनी तिचा कर्करोगही होऊ शकतो, तो मुख्यतः या किरणांमुळे. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणाच्या एका कणात ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या कणापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा असते. ती डीएनएची थेट मोडतोड करू शकते. लाल प्रकाशाच्या कणात तेवढी ताकद नसते. त्यामुळे 'या दिव्यानं टॅन होईल का' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: अतिनील किरणांनी होतं तसं टॅनिंग यानं होत नाही. पण अतिनील नाही म्हणजे सर्वस्वी निरुपद्रवी, असा अर्थ मात्र काढू नये. त्याकडे पुढे येऊच.

मग लालच का? अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटं ठेवून पाहा. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, बोटं मात्र लालभडक दिसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश चटकन शोषून घेतात. लाल तेवढा आरपार येतो. तरंगलांबी फार वाढवत नेली तर शरीरातलं पाणी प्रकाश शोषू लागतं आणि वाट पुन्हा बंद होते. या दोन अडथळ्यांच्या मधोमध, ढोबळमानानं ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या दरम्यान, शरीराची जणू एक खिडकी उघडी असते.

खिडकी उघडी असली तरी प्रकाश फार खोल जात नाही. चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ असतो. त्याखालच्या, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या थरात कोलॅजनचं, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाचं जाळं असतं. लाल प्रकाश या थरापर्यंत पोचतो, मात्र वाटेत त्याचा बराचसा भाग गळून जातो. निअर इन्फ्रारेड आणखी थोडा खाली उतरतो. हे अंतर त्वचेसाठी पुरेसं आहे. 'हाडांपर्यंत उपचार' वगैरे दावे चेहऱ्याच्या मुखवट्याला चिकटवलेले दिसले, तर ते सोडून द्यावेत.

एक घोळ इथंच मिटवून टाकू. स्नायू शेकायचा इन्फ्रारेड दिवा, इन्फ्रारेड सौना आणि लाल काच लावलेला साधा बल्ब या तिन्ही गोष्टी रेड लाइट थेरपी नव्हेत. पहिल्या दोन उष्णतेवर काम करतात. तिसऱ्यातून कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश येतो याचा काही नेम नसतो. रेड लाइट थेरपीत त्वचा गरम होणं अपेक्षितच नाही. फार तर किंचित ऊब जाणवते.

एका कमजोर लेझरची गोष्ट

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकाचा पहिला लेझर बनवला. त्यानंतर काही वर्षांतच जगभरच्या डॉक्टरांना प्रश्न पडला, याचा शरीरावर काय परिणाम होईल? बुडापेस्टमधल्या एन्द्रे मेश्टर या शल्यचिकित्सकांनी १९६७ मध्ये, लेझरमुळे कर्करोग होतो का हे पाहायला, उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्या जागी लाल लेझर सोडला. त्यांचा लेझर कमी ताकदीचा होता. उंदरांना कर्करोग झाला नाही. झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं: ज्या उंदरांना लेझर मिळाला होता त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. मेश्टर यांनी पुढे हाच धागा पकडून बऱ्या न होणाऱ्या जखमांवर लाल लेझर वापरून पाहिला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण सगळ्या विषयाची मेख तिच्यात आहे. लेझर प्रखर असता तर त्यानं त्वचा जाळली असती. तो कमजोर होता, म्हणून पेशींना चालना मिळाली. पुढे कित्येक वर्षं या उपचाराला 'लो लेव्हल लेझर थेरपी' असंच म्हणत. आता शास्त्रज्ञ फोटोबायोमॉड्युलेशन हा शब्द वापरतात. १९९० च्या दशकात नासानं अंतराळात रोपं वाढवण्यासाठी लाल एलईडी वापरायला घेतले, मग त्याच दिव्यांचा जखमा भरण्यासाठी उपयोग होतो का हे तपासण्याच्या संशोधनालाही पैसा दिला. लेझरच्या जागी एलईडी आल्यामुळे उपकरणं स्वस्त झाली, मोठ्या भागावर एकाच वेळी प्रकाश टाकू लागली आणि अखेर घरात आली.

पेशीत काय घडतं

सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं आहे. पेशीत ऊर्जा तयार करण्याचं काम मायटोकाँड्रिया करतात. या कामाच्या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. त्यात तांबं आणि लोह असल्यामुळे ते लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाश शोषतं. थकलेल्या किंवा ताणाखालच्या पेशीत या एन्झाइमला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि त्याचं काम मंदावतो. प्रकाश पडला की तो सुटतो, काम पुन्हा वेग घेतं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन जास्त तयार होतं. सुटलेला नायट्रिक ऑक्साइड बारीक रक्तवाहिन्या किंचित रुंदावतो. सोबत थोडेसे ऑक्सिडंट तयार होतात आणि पेशीला दुरुस्तीची कामं सुरू करण्याचा इशारा देतात. रशियात काम केलेल्या टीना कारू यांनी या कल्पनेची पायाभरणी केली.

चित्र इथं पूर्ण होत नाही. हे एन्झाइम नसलेल्या पेशींनीही प्रकाशाला प्रतिसाद दिल्याचे प्रयोग झाले आहेत, तेव्हा आणखीही वाटा असणार. परिणाम खरा आणि कारणाचा शोध अजून चालू, अशी अवस्था वैद्यकशास्त्रात नवी नाही.

त्वचेच्या दृष्टीनं महत्त्वाच्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. त्या कोलॅजन बनवतात. प्रयोगशाळेत योग्य प्रमाणात लाल प्रकाश दिल्यावर नवं कोलॅजन तयार होण्याचं प्रमाण वाढलेलं आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइमं कमी झालेली दिसली आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्वचेतलं कोलॅजन अतिशय सावकाश बदलतं, निम्मं कोलॅजन नवं व्हायला साधारण १५ वर्षं लागतात, असा एक अंदाज आहे. त्यामुळे एका आठवड्यात सुरकुती भरून निघाल्याची छायाचित्रं पाहिली की माझा विश्वास बसत नाही. दिव्याखालून उठल्यावर लगेच दिसणारा तजेला बहुधा वाढलेल्या रक्तप्रवाहाचा असतो आणि तो काही वेळात ओसरतो.

पुरावा कुठं भक्कम, कुठं पातळ

सर्वांत भक्कम पुरावा सौंदर्याशी संबंधित नाही. कर्करोगाच्या उपचारांमुळे रुग्णांच्या तोंडात अतिशय वेदनादायक फोड येतात. ते टाळण्यासाठी ठरावीक रुग्णांना फोटोबायोमॉड्युलेशन द्यावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. केस विरळ होण्यावरही बऱ्यापैकी काम झालं आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेनं २००७ मध्ये हेअरमॅक्स या लेझर कंगव्याला त्यासाठी बाजारात यायला परवानगी दिली. मेश्टर यांच्या उंदरांची आठवण व्हावी असाच हा प्रवास.

सुरकुत्यांबाबत सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास जर्मनीत झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १३६ स्वयंसेवक होते. त्यातल्या ११३ जणांना आठवड्यातून दोनदा, एकूण ३० वेळा प्रकाश दिला गेला आणि २३ जणांना काहीच दिलं नाही. प्रकाश मिळालेल्यांची त्वचा जास्त मऊ झाली, बारीक सुरकुत्या कमी दिसल्या आणि अल्ट्रासाउंडनं मोजलेली कोलॅजनची घनता वाढली. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. आपल्याला प्रकाश मिळतोय की नाही हे सहभागींना माहीत होतं. आणि वापरलेले दिवे आजच्या घरगुती मुखवट्यांसारखे नव्हते, संपूर्ण शरीराला प्रकाश देणारी मोठी यंत्रं होती. या विषयावरचे इतर अभ्यास बहुतेक छोटे आहेत, काहींना उपकरण बनवणाऱ्यांनीच पैसा पुरवला आहे, आणि प्रत्येकात तरंगलांबी, वेळ, ताकद वेगळी. त्यांची एकमेकांशी तुलना करणंच अवघड होतं.

माझं मत असं: बारीक रेषा आणि त्वचेचा पोत यांत थोडी सुधारणा होऊ शकते हे मान्य करावं, आणि 'थोडी' या शब्दावर जोर द्यावा. लोंबलेली त्वचा, खोल घड्या, मुरमांचे खड्डे यांसाठी हा उपचार तोकडा आहे. उन्हापासून जपणं आणि रात्री रेटिनॉइड क्रीम लावणं यांचा पुरावा याच्याहून कितीतरी मोठा आहे. सनस्क्रीन न लावता रोज दिव्याखाली बसणारा माणूस एका हातानं कोलॅजन बांधतो आणि दुसऱ्या हातानं मोडतो.

मुरमांचं प्रकरण जरा वेगळं आहे. मुरमांतले जीवाणू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्यावर ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पडला की जीवाणूंचं नुकसान होतं. लाल प्रकाश सूज उतरवायला मदत करतो. म्हणून मुरमांच्या उपकरणांत दोन्ही रंग एकत्र येतात, आणि सौम्य ते मध्यम मुरमांवर ही जोडी उपयोगी पडल्याचे अभ्यास आहेत. पण निळा प्रकाश सगळ्यांसाठी नाही, हे पुढं सांगतो.

आता मुख्य मुद्दा: किती?

दोन आकडे समजून घेतले की अर्धी लढाई जिंकली. पहिला आकडा प्रकाशाच्या ताकदीचा: त्वचेच्या एक चौरस सेंटिमीटरवर किती मिलिवॅट पडतात. दुसरा वेळेचा: किती सेकंद. या दोघांचा गुणाकार म्हणजे डोस, आणि तो दर चौरस सेंटिमीटरला किती जूल, असा मोजतात.

समजा तुमचा मुखवटा दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट देतो. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ३० गुणिले ६०० म्हणजे १८,००० मिलिजूल, अर्थात १८ जूल. वर सांगितलेल्या जर्मन अभ्यासात लाल पट्ट्यातला डोस एका वेळेला सुमारे ९ जूल होता. चेहऱ्यावरच्या बऱ्याच अभ्यासांतले डोस काही जूलपासून काही दशक जूलपर्यंत असतात. म्हणजे या मुखवट्याची दहा मिनिटं चांगली पुरेशी झाली. दिवसातून तीनदा चढवण्याचं काही कारण उरत नाही.

डोस वाढवला तर परिणाम वाढत का नाही? कारण हा प्रतिसाद सरळ रेषेत चढत नाही. फार कमी प्रकाशात काहीच घडत नाही, मधल्या पट्ट्यात पेशींना चालना मिळते, आणि त्याच्या पुढे गेलं की फायदा घसरू लागतो आणि उलटाही फिरू शकतो. हे नुसतं सैद्धांतिक नाही. त्वचेवर जाड वण येतात तेव्हा फायब्रोब्लास्ट गरजेपेक्षा जास्त काम करत असतात. त्यांना आवर घालण्यासाठी संशोधक याच लाल प्रकाशाचे मोठे डोस, शेकडो जूलचे, तपासून पाहत आहेत. म्हणजे लहान डोसानं ज्या पेशी जाग्या होतात, त्याच मोठ्या डोसानं मंदावतात. सुरकुत्यांसाठी दिवा आणणाऱ्या माणसानं तो तासभर लावून ठेवला तर त्याला नेमकं नको तेच पदरात पडू शकतं.

याच संशोधनातून सुरक्षिततेची मर्यादाही हाती आली. अमेरिकेत निरोगी माणसांवर झालेल्या दोन चाचण्यांमध्ये लाल एलईडीचा डोस पायरी-पायरीनं वाढवत नेला. गडद वर्णाच्या लोकांमध्ये एका वेळेला ३२० जूलपर्यंत आणि गोऱ्या लोकांमध्ये ४८० जूलपर्यंतचा डोस सुरक्षित ठरला. त्याच्या वर त्वचेवर फोड येणं, लाली दीर्घकाळ टिकणं असे त्रास दिसले. ३० मिलिवॅटच्या मुखवट्यानं ३२० जूल गाठायला जवळजवळ तीन तास लागतील, म्हणजे तिथं घाबरण्याचं कारण नाही. पण १०० मिलिवॅटचं पॅनेल, म्हणजे समोर ठेवायचा दिव्यांचा सपाट फळा, अगदी जवळ ठेवलं तर तोच आकडा तासाभराच्या आत, सुमारे ५३ मिनिटांत गाठला जातो. पॅनेलसमोर झोप लागणं म्हणूनच धोक्याचं. आपोआप बंद होणारा टायमर नसलेलं पॅनेल घेऊच नये असं मला वाटतं.

पॅनेलच्या बाबतीत अंतराला फार महत्त्व आहे. कंपनी जो आकडा छापते तो ठरावीक अंतरावरचा असतो. तुम्ही मागे सरकलात की तो झपाट्यानं उतरतो. शिवाय हे आकडे कशानं मोजले यावरही बरंच अवलंबून असतं. सौर ऊर्जा मोजण्याची स्वस्त यंत्रं सूर्यप्रकाशाच्या हिशेबानं बनवलेली असतात आणि लाल एलईडीसमोर धरली की वाढीव आकडा दाखवतात. काही विक्रेते तोच आकडा छापतात. अंतर न सांगता नुसती ताकद सांगितली असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका. खोक्यावर एकूण वॅट लिहिलेले असतील तर त्यावरूनही काही कळत नाही, ती उपकरण किती वीज ओढतं त्याची नोंद आहे.

उपकरण निवडताना

तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये स्पष्ट दिलेली असावी, 'लाल' एवढंच पुरेसं नाही. ताकद आणि ती कोणत्या अंतरावरची, हे दिलेलं असावं. आणि 'एफडीए क्लिअर्ड' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ माहीत असावा. अमेरिकेत या गटातल्या उपकरणाला परवानगी मिळते ती मुख्यतः 'हे आधीपासून बाजारात असलेल्या अमुक उपकरणासारखंच आहे' असं दाखवून. नव्या औषधाला ज्या मोठ्या चाचण्यांतून जावं लागतं, त्यातून हे गेलेलं असेलच असं नाही. तरीही परवानगी असलेलं उपकरण नसलेल्यापेक्षा बरं, कारण निदान सुरक्षिततेची कागदपत्रं कुणीतरी तपासलेली असतात. 'एफडीए रजिस्टर्ड' मात्र निराळंच. ती फक्त नोंदणी आहे, तिच्यावरून गुणवत्तेबद्दल काही सिद्ध होत नाही.

मुखवटा की पॅनेल? फक्त चेहऱ्यासाठी मुखवटा सोयीचा, अंतराचा प्रश्नच येत नाही. मान, हात, पाठ करायची असेल तर पॅनेल. हातात धरून फिरवायच्या छोट्या दिव्यांनी एकेका जागेला पुरेसा वेळ देता देता माणूस कंटाळतो आणि आठवड्याभरात उपकरण कपाटात जातं. सात रंगांचे मुखवटे मला अनावश्यक वाटतात. पिवळ्या, जांभळ्या, आकाशी रंगाच्या नावे केलेल्या दाव्यांमागे लाल-निळ्याइतका पुरावा नाही.

डोळे, औषधं आणि वर्ण

इथं कुणीही घाई करू नये.

डोळ्यांचं आधी. तीव्र प्रकाश पडला की आपण पापण्या मिटतो. निअर इन्फ्रारेड दिसतच नसल्यामुळे हा बचाव तिथं चालत नाही. २०१९ मध्ये न्यूट्रोजिना कंपनीनं निळ्या-लाल प्रकाशाचा आपला मुरमांचा मुखवटा परत मागवला. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना आणि प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना त्यापासून इजा होण्याची शक्यता होती. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून चीनमध्ये लाल लेझर थेट डोळ्यांत सोडणारी उपकरणं वापरली गेली. त्या उपचारानंतर एका मुलीच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचं २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. त्वचेच्या एलईडी उपकरणाची गोष्ट त्याहून सौम्य आहे, तरी सोबत आलेला चष्मा लावा आणि वर डोळेही मिटा. रेटिनायटिस पिग्मेंटोसासारखा दृष्टिपटलाचा आजार असेल तर नेत्रतज्ज्ञांच्या संमतीशिवाय मुखवटा वापरू नका. घरातली मुलं कुतूहलानं पॅनेलकडे टक लावून बघतात, त्यांना दूर ठेवा.

औषधांचा मुद्दा समजायला एक उदाहरण पुरेसं आहे. फोटोडायनॅमिक थेरपी नावाच्या उपचारात डॉक्टर त्वचेवर एक औषध लावतात आणि मग त्यावर ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकतात. औषध आणि प्रकाश एकत्र आले की कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी मरतात. प्रकाश तोच, शेजारी काय आहे यावरून परिणाम पालटतो. म्हणून डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयासाठीचं अमिओडॅरोन अशी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. यातली बरीच औषधं मुख्यतः अतिनील किरणांशी वाकडी वागतात हे खरं, पण अंदाजावर चालण्याची ही जागा नव्हे. ल्युपस आणि पॉर्फिरिया असलेल्यांनी हा उपचार घरी करूच नये. फिट येण्याचा आजार असेल तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाची उपकरणं टाळावीत.

आणि वर्ण. या विषयावरचं लेखन बहुतेक गोऱ्या त्वचेला धरून केलेलं असतं, याचं मला वाईट वाटतं, कारण सावळ्या आणि गव्हाळ त्वचेची गणितं थोडी वेगळी आहेत. मेलॅनिन जास्त म्हणजे प्रकाश वरच्या थरातच जास्त शोषला जातो आणि तिथं ऊबही जास्त होते. सुरक्षित डोसाची मर्यादा गडद वर्णात कमी निघाली ती बहुधा यामुळेच. म्हणून छापील वेळेच्या निम्म्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

वांग असलेल्यांनी तर फारच सावध राहावं. निळा-जांभळा प्रकाश गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्याच्या पेशींना चेतवतो. ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशानं आलेले डाग प्रयोगांत काही महिने टिकलेले दिसले आहेत. त्याच तुलनेत ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशानं असे डाग आले नाहीत. तेव्हा मुरमांसाठी निळा-लाल मुखवटा घेतलेल्या व्यक्तीला वांगही असेल, तर एक दुखणं बरं करताना दुसरं वाढू शकतं. अशांनी निळा रंग बंद ठेवावा. लाल प्रकाशानंतरही चेहरा गरम लागत असेल तर वेळ कमी करावी, कारण उष्णतेनं वांग गडद होतो.

प्रत्यक्ष वापर

चेहरा धुऊन कोरडा करा. सनस्क्रीन, मेकअप उतरवलेला असावा, कारण त्यातले कण प्रकाश परतवतात. क्रीम, सीरम लावायचं ते नंतर. रेटिनॉइड किंवा आम्ल असलेलं काही लावून दिव्याखाली बसू नका. मुखवटा दर वेळी पुसून ठेवा, नाहीतर घाम आणि तेल साचून नवी मुरमं येतात.

पहिल्या वेळी कानाच्या खालच्या छोट्या भागावर पाच मिनिटं द्या आणि दोन दिवस थांबा. काही झालं नाही तर आठवड्यातून तीनदा सुरू करा. उपकरणाच्या सूचनापत्रकात दिलेल्या वेळेच्या वर जाऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसून भरपाई होत नाही.

सुरुवात करण्याआधी छायाचित्र काढा: एकच खोली, एकच दिवा, चेहरा त्याच कोनात. सुरकुती म्हणजे बव्हंशी सावली असते. प्रकाश समोरून पडला की ती पुसट होते, बाजूनं पडला की ठसठशीत दिसते. जाहिरातींतल्या 'आधी-नंतर' जोड्यांमध्ये दिव्याची जागा बदललेली आहे का, हेही एकदा निरखून पाहा. बारा आठवड्यांनी दोन्ही छायाचित्रं शेजारी ठेवा. फरक दिसला नाही तर वेळ वाढवत बसू नका, थांबा. दिसला तर आठवड्यातून एक-दोनदा चालू ठेवायला हरकत नाही. बंद केल्यावर फायदा हळूहळू ओसरतो, कारण वय काही थांबत नाही.

आणि ज्या जागेला नाव माहीत नाही, तिच्यावर हा दिवा कधीही धरू नका. रंग किंवा कडा बदलणारा तीळ, महिना उलटूनही न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरणारा डाग, हे आधी त्वचारोगतज्ज्ञांनी बघायला हवेत. लाल प्रकाश सूज आणि लाली उतरवतो. वरून जागा बरी वाटू लागते, तपासणी लांबणीवर पडते, आणि त्वचेच्या कर्करोगात लवकर झालेलं निदान हीच सर्वांत मोठी जमेची बाजू असते.